यादीतली सात नावं

"पाय वडू नका, माय. सुटायलीय पट्टी."

महालिंगप्पांनी धुरपताबाईंच्या टाचेला चिकटलेल्या कापडावर सलाइनचं पाणी सोडलं आणि ते मऊ व्हायची वाट पाहत बसले. सकाळचे साडेआठच वाजले होते, तरी ओट्याची फरशी तापू लागली होती. समोर बाजारचौकात गवंडी नव्या कारंज्याच्या हौदाला शेवटचा हात मारत होते. गुरुवारी उद्घाटन होतं. मोठे पाहुणे येणार होते.

"गाडी कुठं जातीय म्हनलात?" धुरपताबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"धाराशिवला. निवारा केंद्रात. पलंग हाय, पंखा हाय, दोन टायमाचं जेवण हाय."

"तुमी हायता तितं?"

"आठवड्यातून एकदा येईन की."

"मंग पट्टी कोन करनार?"

"नर्सबाई हायती तितं. माझ्यापरीस चांगली करतील."

म्हातारी आपल्या पायाकडं बघू लागली. तिच्या टाचेत रुपयाएवढं भोक होतं. शुगरचा पाय. आठ महिने महालिंगप्पा रोज ती जखम धूत होते आणि गेल्या महिन्यापासून कडेनं लाल मांस भरू लागलं होतं. तिला दुखत नव्हतं, आणि हीच गोष्ट महालिंगप्पांना सगळ्यात वाईट वाटायची. दुखलं असतं तर तिनं पाय जपला असता.

"मला न्हाय जायाचं," ती एकदम म्हणाली.

महालिंगप्पांनी एकतीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात ड्रेसर म्हणून काढली होती. डॉक्टर आले आणि बदलून गेले, महालिंगप्पा तिथंच राहिले. साहेब सांगतील ते करायचं आणि जखमेपुढं नाक मुरडायचं नाही, एवढ्या दोन गोष्टींवर त्यांची नोकरी पार पडली. निवृत्त झाल्यावर महिनाभर ते घरी बसले. मग एके दिवशी नांदुरपेठच्या बाजारात भाजी घेताना त्यांना एका माणसाच्या पायात किडे दिसले. दुसऱ्या दिवशी ते पत्र्याची पेटी घेऊन आले आणि बंद पडलेल्या सहकारी भांडाराच्या ओट्यावर बसले. त्याला आता पाच वर्षं झाली होती. सकाळी आठ ते दहा. पत्नी गिरिजाबाई आधी चिडल्या होत्या; मग त्याच पेटीतलं कापड उकळून द्यायला लागल्या होत्या.

नांदुरपेठ हायवेवरचं गाव. तुळजापूरहून राज्याच्या सीमेकडं जाणारी वाहनं इथं थांबतात आणि त्यांच्याबरोबर कुठली कुठली माणसं इथं उतरतात. धुरपताबाई ईट गावच्या. दोन वर्षांपूर्वी मुलगा त्यांना देवीच्या दर्शनाला घेऊन आला, एका लॉजच्या पायरीवर बसवलं आणि म्हणाला, "बस इथं. म्या आलोच." चार दिवस त्या पायरीवर बसून होत्या. मग कुणीतरी जीपमध्ये घातलं आणि इथं आणून उतरवलं.

अशा लोकांसाठी गावात निवारा व्हावा म्हणून महालिंगप्पांनी चार वर्षांत सहा अर्ज केले होते. कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. म्हणून गेल्या आठवड्यात चौकाच्या कामावरचा सुपरवायझर रणधीर ओट्यापाशी येऊन खाली बसला आणि म्हणाला, "आप्पा, तुमचं काम झालं," तेव्हा त्यांना अर्जाचंच वाटलं.

रणधीर तिशीचा, स्वच्छ कपड्यातला पोरगा. बोलणं आर्जवी. मोबाइलवर त्यानं फोटो दाखवले: ओळीनं पलंग, पांढऱ्या चादरी, भिंतीवर घड्याळ. "वरून आदेश आलाय. सगळ्यांना तिथं हलवायचंय. फक्त यादी लागंल. कोण कुठं बसतंय, नाव काय, आजार काय. तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?"

महालिंगप्पांनी त्या दिवशी घरी बसून यादी केली. सात नावं. खाली सही. शिवाय प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी लिहिली: जखम कुठं, औषध कुठलं, गोळी कधी. अक्षर चांगलं यावं म्हणून दोन चिठ्ठ्या फाडून पुन्हा लिहिल्या.

सोमवारी अकराला गाडी आली. गाडी म्हणजे ताडपत्रीचा टेम्पो. आत बाक नव्हतं. चालवायला गावातलाच शिवशरण होता. त्याच्या पाठीवरचं गळू महालिंगप्पांनी दोन वर्षांपूर्वी धुतलं होतं. त्यानंतर दिसला की तो लांबूनच हात जोडायचा. आज तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला.

"ह्याच्यात?" महालिंगप्पांनी विचारलं.

"बस मिळाली न्हाय ऐनवेळी. तासाभराचा तर रस्ता हाय," रणधीर म्हणाला. चिठ्ठ्यांची घडी त्यानं शर्टाच्या खिशात टाकली. "गाठोडी राहू द्या सगळ्यांची. तिथं समदं नवं मिळतंय."

पहिला बब्रुवान चढला. पूर्वी आडत बाजारात हमाल होता. थ्रेशरमध्ये हात गेला आणि कोपराखाली उरलेला ठुणका अजूनही पावसाळ्यात फुटायचा. "नवं मिळतंय तर चला बाबा. लगीनच हाय जनू आमचं," तो हसला. मग चौघं चढली. उत्तरेश्वरला हाताला धरून आणावं लागलं. हा चाळिशीचा माणूस कधी बोलत नसे. रस्त्यावरची एसटीची तिकिटं गोळा करून दिवसभर ओळीनं मांडत बसे. त्याची मूठ उघडून रणधीरनं तिकिटं काढून टाकली. महालिंगप्पांना ते आवडलं नाही. पण त्यांनी उत्तरेश्वरला वर चढायला हात दिला.

धुरपताबाई ओट्याच्या खांबाला धरून बसल्या होत्या.

रणधीरनं घड्याळात पाहिलं. "आप्पा, तुमचं ऐकतेत त्या. तुमीच बघा."

महालिंगप्पा खाली वाकले. "माय, माझ्यावर इस्वास हाय का न्हाय?"

म्हातारीनं बराच वेळ त्यांच्याकडं पाहिलं. मग खांब सोडला आणि हात पुढं केला. तिचं वजन काहीच नव्हतं. त्यांनी तिला उचलून टेम्पोच्या फळीवर ठेवलं, आत सरकवलं, पाय पोत्यावर टेकवला.

"एवढंच करा, आप्पा," ती हळूच म्हणाली. "बसा इथं, असं तेवढं म्हनू नका."

महालिंगप्पांच्या ओठांवर तेच शब्द आले होते. ते मागं सरले. रणधीरनं फळी लावली, ताडपत्रीची दोरी आवळली आणि पुढं शिवशरणच्या शेजारी जाऊन बसला.

धाराशिवला जायचं तर चौकातून डावीकडं. टेम्पो उजवीकडं वळला. डिझेल टाकायला असेल, असं महालिंगप्पांनी मनाशी म्हटलं, आणि पेटी उचलून घरी आले.

दुपारी त्यांना जेवण गेलं नाही. "एवढं मनासारखं झालं आन् तोंड असं का?" गिरिजाबाईंनी विचारलं. ते म्हणाले, ऊन लागलं असेल. साडेतीनला ते गॉज आणायला म्हणून बाहेर पडले. चौकात झाडलोट चालली होती. सातही जणांची गाठोडी कचऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये वर टाकली होती आणि एक बाई खराट्यानं उरलेलं लोटत होती. तिच्या खराट्यापुढं कागदाची एक घडी होती. महालिंगप्पांनी ती उचलली. सात चिठ्ठ्या होत्या, जशा दिल्या तशाच एकात एक.

त्यांनी तिथंच उन्हात उभं राहून रणधीरला फोन लावला.

"पोचली की, आप्पा. जेवून झोपलीत सगळी. बिनघोर राहा."

"चिठ्ठ्या?"

"दिल्या नर्सबाईला. लई कौतुक केलं बघा तुमच्या अक्षराचं."

महालिंगप्पांच्या हातात चिठ्ठ्या होत्या. "बरं," ते म्हणाले. एकतीस वर्षं ते साहेबांना हेच म्हणत आले होते. फोन बंद झाल्यावर मात्र ते ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते धाराशिवला गेले. निवारा केंद्र खरंच होतं. पलंगही होते. फोटोतलं घड्याळ भिंतीवर होतं. तिथल्या बाईंनी नोंदवही उघडून दाखवली. सोमवारी एकही माणूस आला नव्हता. नांदुरपेठहून तर कधीच कुणी आलं नव्हतं.

"मागं एकजण येऊन फोटो काढून गेला होता," त्या म्हणाल्या. "कशासाठी ते सांगितलं नाही. काका, पाणी प्या आधी. बसा."

परतीच्या एसटीत त्यांनी रणधीरला नऊ वेळा फोन लावला. फोन बंद होता. बाहेर शेतं उघडी पडली होती आणि डांबरावर झळा हलत होत्या. पट्टी सोमवारी बांधलेली. आज बदलायला हवी होती. घाम आणि धूळ आत गेली तर दोन दिवसांत जखम काळी पडते. हे त्यांना इतकं नीट माहीत होतं की ते डोळे मिटू शकत नव्हते.

बुधवारी सकाळी ते शिवशरणच्या घरी गेले. "घरात न्हायती," त्याची बायको म्हणाली आणि तिची नजर मागच्या अंगणाकडं गेली. शिवशरण टेम्पोच्या मागच्या फळीवर बसला होता.

"कुठं उतरवलंस?"

शिवशरण फळीवरून खाली उतरला.

"तुला शिव्या द्यायला आलो न्हाय. बसवलं म्याच. मला तितं घेऊन चल."

"हद्दीपलीकडं," तो खाली बघत म्हणाला. "उमरग्याच्या पुढं. खडीच्या खाणीपाशी. म्या म्हनलं त्याला, एखाद्या गावात तरी सोडू. तर म्हनला, गावात सोडली की परत येतेत. खानीपाशी बसवलं आन् म्हनला, दुसरी गाडी येतीय, हलू नका. आप्पा, ती म्हातारी..." त्यानं तोंडावर हात फिरवला. "ती टेम्पोमागं चालायली व्हती. आरशात दिसायली व्हती मला."

दोन तासांचा रस्ता. पेटी महालिंगप्पांच्या मांडीवर होती.

खाण म्हणजे माळावर खणलेला मोठा खड्डा. तळाशी हिरवं पाणी. कडेला खडी फोडणाऱ्या मजुरांची तीन पत्र्याची खोपटी. एका खोपटाच्या सावलीत पाच माणसं भिंतीला टेकून बसली होती. टेम्पो पाहताच त्यांतला एकजण उठून पळू लागला, लंगडत, खड्ड्याच्या कडेनं.

"म्या हाय! आप्पा!" महालिंगप्पा ओरडले.

तो थांबला, पण जवळ आला नाही.

खोपटातून एक बाई बाहेर आली. काळीसावळी, अंगभर खडीची धूळ, हातात पाण्याची कळशी. तिनं कानडीत विचारलं, "तूच का तो आप्पा?"

"हो," महालिंगप्पा त्याच भाषेत म्हणाले. घरी ते हीच भाषा बोलत.

"मी रुद्रम्मा. दोन दिवस तुझंच नाव ऐकतेय." तिनं त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की त्यांना खाली बघावं लागलं. "ही पाचजणं माझ्याजवळ आहेत. भाकरी दिली. पाणी दिलं. एक मुका होता, तो पहिल्याच दिवशी सडकेनं निघून गेला. कुठं गेला, देव जाणे. आणि म्हातारी काल सकाळी निघाली. मी धरून ठेवलं, ऐकेना. म्हणाली, पट्टी बदलायची येळ झाली, आप्पा वाट बघत आसंल."

महालिंगप्पांनी पेटी जमिनीवर ठेवली.

"किती लांब गेली?"

"तीन कोसांवर मोरी आहे सडकेखाली. सावलीला बसली असेल. संध्याकाळी पोलिसांची गाडी तिथं थांबलेली ट्रकवाल्यांनी पाहिली."

पोलिसांनी त्यांना सरकारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत, म्हातारीचं प्रेत ठेवलं होतं तिथं नेलं. चेहरा त्यांनी नंतर पाहिला. आधी पाय पाहिला. पट्टी काळी झाली होती, तळव्याखाली फाटली होती, पण गाठ तशीच होती. महालिंगप्पा खिशातून कात्री काढू लागले. शिपाई म्हणाला, आता कशाला? त्यांनी ऐकलं नाही. पट्टी कापली, जखम धुतली, नवं कापड गुंडाळलं. हवालदार दाराशी कागद घेऊन थांबला होता.

"नाव?"

त्यांनी सांगितलं.

"गाव?"

"ईट. तालुका भूम."

"तुमचं नातं?"

महालिंगप्पांनी कात्री पुसून खिशात ठेवली. "लिहा," ते कानडीत म्हणाले, "गाडीत बसवणारा."

हवालदारानं पेन उचललं. त्यांच्याकडं पाहिलं, शिवशरणकडं पाहिलं. मग कागदावर 'ओळखीचा' असं लिहिलं आणि सहीसाठी पुढं केला.

ईटच्या मुलाचा नंबर रात्रीपर्यंत मिळाला. पलीकडून एवढंच उत्तर आलं की नंबर चुकलाय. गुरुवारी सकाळी तिथल्याच मसणवट्यात म्हातारीला माती दिली. महालिंगप्पा, शिवशरण, रुद्रम्मा आणि बब्रुवान. बब्रुवाननं एका हातानं माती लोटली. तो महालिंगप्पांशी एक शब्दही बोलला नव्हता.

उत्तरेश्वरला त्यांनी दुपारपर्यंत शोधलं. तीन गावं, दोन बसस्टँड. एका टपरीवाल्यानं सांगितलं, असा एकजण तिकिटं वेचत होता, मग एका ट्रकमागं गेला. त्यापुढं काही कळलं नाही.

पाचजणांना घेऊन टेम्पो संध्याकाळी नांदुरपेठच्या नाक्यावर आला तेव्हा रस्त्यावर कठडे लावले होते. चौकातून भाषणाचा आवाज येत होता. होमगार्डनं ताडपत्री वर करून आत पाहिलं. "ही आज आत न्यायची न्हाईत."

"माझ्या घरी चाललीत," महालिंगप्पा म्हणाले. "पाव्हणे हायत माझे."

होमगार्ड हसला. मग त्यांचा चेहरा पाहून त्याचं हसू गेलं आणि त्यानं कठडा सरकवला.

गिरिजाबाईंनी दार उघडलं. पाच माणसं आणि त्यांची अवस्था पाहून त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि हंडाभर पाणी तापायला ठेवलं. त्यांनी धुरपताबाईंचं विचारलं नाही.

शुक्रवारी महालिंगप्पा ठाण्यात गेले. साहेब सज्जन होते. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकलं आणि खुर्ची पुढं ओढली.

"आप्पा, यादी तुमच्या अक्षरातली. सही तुमची. लोकांदेखत गाडीत बसवलं तुम्ही. त्या पोरानं कुठंच सही केलेली नाही. तक्रार लिहिली तर पहिलं नाव तुमचं येईल. या वयात कशाला?"

"म्हणूनच आलोय," महालिंगप्पा म्हणाले. "पहिलं माझंच घाला. मग त्याचं. मग त्याला ज्यानं सांगितलं त्याचं."

"कुणी सांगितलं ते ठाऊक आहे तुम्हाला?"

"न्हाय. ते तुमी शोधा."

साहेबांनी बराच वेळ टेबलावरची काच पुसली. शेवटी अर्ज घेतला. शिक्का मारून प्रत दिली. महिना गेला. एकदा दोन माणसं येऊन महालिंगप्पांचा जबाब घेऊन गेली. शिवशरणनंही जबाब दिला. पुढच्या आठवड्यात त्याच्या टेम्पोची कामं बंद झाली. रणधीर मात्र चौकात दिसायचा. कारंज्याची देखभाल आता त्याच्याकडं होती. तो लांबूनच म्हणायचा, "नमस्कार, आप्पा. बरंय ना?" आणि आवाजात काडीचाही बदल नसायचा.

महालिंगप्पा रोज आठला ओट्यावर जाऊन बसत. पाचजणांपैकी दोघं आठवडाभरात गाव सोडून गेली होती. उरलेली तिघं चौकात आली नाहीत. मागच्या गल्लीत, आडतीच्या गोदामाच्या आडोशाला राहायची. महालिंगप्पा पेटी उघडून गॉजचे चौकोन कापायचे, पाण्याची बाटली काढायचे, दहापर्यंत थांबायचे आणि सगळं परत भरायचे. कुणी येत नव्हतं. एकदा ते स्वतः गोदामाकडं गेले. त्यांना पाहताच तिघंही उठून उभी राहिली, पळायच्या तयारीत. ते लांबूनच परत फिरले.

मृगाचा आठवडा सुरू झाला. आभाळ भरून यायचं आणि तसंच जायचं. एका सकाळी बब्रुवान ओट्यापाशी आला. हाताच्या ठुणक्याला फडकं गुंडाळलेलं होतं आणि फडक्यातून पू आला होता. तो पायरीच्या खालीच थांबला.

"बसा की," असं म्हणायला महालिंगप्पांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. ते स्वतः उठले, पायरीवर त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि पेटी मध्ये ठेवली.

बब्रुवाननं हात पुढं केला, पण तोंड रस्त्याकडंच ठेवलं. हायवेच्या वळणावरून एखादं वाहन आत शिरलं की त्याचा दंड ताठ व्हायचा आणि महालिंगप्पांच्या हातातला चिमटा हलायचा.

"दुधाची गाडी हाय," महालिंगप्पा म्हणायचे.

थोड्या वेळानं, "शाळेची हाय."

त्यांनी फडकं भिजवलं, सोडवलं, जखम धुतली. काम हातांना पाठ होतं. पाहायची गरज नव्हती. तेही रस्त्याकडंच पाहत होते.